गुण आला, हा पुरावा नव्हे

चेहरा लाल झाला, खाज सुटली, गालांची आग होऊ लागली, की आपल्याकडे बहुतेक माणसं आधी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातात. काउंटरपाशी गाल पुढे करून दाखवतात आणि आतून एक ट्यूब येते. शंभर रुपयांच्या आत काम होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाली उतरते, खाज थांबते, वर चेहरा उजळही दिसतो. या ट्यूबमधलं स्टिरॉइड पुढे चेहऱ्याचं वाटोळं करतं, तिची चिठ्ठीविना विक्री थांबवा, असं कुणी म्हटलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं: "अहो, पण गुण येतो ना! मग तक्रार कसली?"

हे उत्तर देणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच आराम पडलेला असतो. त्याच्या तालुक्यात त्वचारोगतज्ज्ञ नसतो. जिल्ह्याच्या गावी असला तर त्याची फी आणि एसटीचं भाडं भरून वर दिवसाची मजुरी बुडते. मेडिकलवाला मात्र ओळखीचा, नडीला उधारी देणारा. शिवाय ती ट्यूब बनावट नसते, नामांकित कंपनीची असते आणि बहुधा कधीतरी कुठल्यातरी डॉक्टरनेच ती पहिल्यांदा लिहून दिलेली असते. मग आराम देणारं औषध वाईट कसं, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर दरडावून देता येणार नाही. तो आराम नेमका कशाचा असतो, हे त्याला सांगावं लागेल आणि आजवर ते कुणी नीट सांगितलेलं नाही.

त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडची ताकद कशी मोजतात, हे पाहिलं तरी पुष्कळ उलगडा होतो. 1962 मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन या संशोधकांनी एक साधी चाचणी मांडली. निरोगी माणसाच्या हातावर औषध लावायचं आणि काही तासांनी ती जागा किती पांढुरकी पडली ते पाहायचं. जितकी पांढुरकी, तितकं औषध जहाल. या औषधांची प्रतवारी ठरवताना तिचा आधार अजूनही घेतला जातो. म्हणजे त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून ती फिकी पाडणं हा या औषधाचा अंगभूत गुण आहे आणि तो धडधाकट कातडीवरही दिसतो. लाली म्हणजे त्याच रक्तवाहिन्या रुंदावून तिथे जास्त रक्त खेळणं. त्या आवळल्या की लाली जाणारच. दाह भडकवणारी रसायनं दाबली की खाजही थांबणारच. ती लाली गवताच्या ॲलर्जीने आली होती, नायट्याने आली होती की नव्या फेसवॉशने, याच्याशी त्या ट्यूबला काहीही देणंघेणं नसतं. 'गुण आला' यावरून फक्त एवढंच सिद्ध होतं, की ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. रोग ओळखला गेला किंवा बरा झाला, यातलं काही त्यावरून सिद्ध होत नाही.

उजळपणाचं कारणही हेच. रक्तवाहिन्या आवळल्या म्हणून कातडी फिकी दिसते आणि सततच्या वापराने रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचं कामही मंदावतं. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की घरात अशी ट्यूब येते. ती लावून गोरी दिसणारी मुलगी प्रत्यक्षात औषधाचा एक परिणाम अंगावर मिरवत असते आणि औषध थांबलं की तो परिणामही जातो.

आता चेहऱ्याचं वेगळेपण पाहा. फेल्डमन आणि मायबाख यांनी 1967 मध्ये शरीराच्या निरनिराळ्या भागांतून हायड्रोकॉर्टिसोन किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागावर, आतल्या बाजूने, जेवढं शोषलं जातं त्याला एक धरलं, तर कपाळावर ते सहापट निघालं आणि जबड्याच्या कोपऱ्यावर तेरापट. कोपरावरच्या किंवा तळपायावरच्या जाड, जुनाट इसबासाठी बनवलेलं जहाल औषध गालावर लावलं, की ते तिथे पाझरत नाही, अक्षरशः आत घुसतं. पापण्यांची कातडी तर शरीरात सर्वांत पातळ. तिथे महिनोन्‌महिने स्टिरॉइड लावल्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो. मेडिकलच्या काउंटरवर 'डोळ्यापासून लांब लावा' इतकंही बहुधा कुणी सांगत नाही.

पहिले काही आठवडे मजेत जातात. नंतर कातडी पातळ होऊ लागते, कारण तिला भरीवपणा देणाऱ्या कोलॅजनची निर्मिती स्टिरॉइड रोखतं. आवळलेल्या रक्तवाहिन्या हळूहळू कायमच्या रुंदावतात आणि गालांवर लाल-जांभळ्या बारीक रेषांचं जाळं दिसू लागतं. मुरुम उठतात. ओठांभोवती बारीक पुटकुळ्यांचं कडं येतं. बायकांच्या गालांवर, हनुवटीवर लव वाढते. उन्हात दोन मिनिटं उभं राहिलं तरी तोंडाची आग होते. आणि ट्यूब बंद केली, की काही दिवसांत मूळच्या त्रासाच्या कितीतरी पट लाली, सूज, खाज आणि जळजळ उसळून येते. माणूस साहजिकच समजतो की आपला रोग अजून गेलेला नाही, औषध सोडलं म्हणून तो परत आला. तो पुन्हा ट्यूब उचलतो, पुन्हा निवतो आणि पुन्हा म्हणतो, "बघा, गुण येतो." ज्या लालीवर ही ट्यूब आता गुणकारी ठरते, ती लाली तिनेच निर्माण केलेली असते. इथे 'गुण येतो' हा युक्तिवाद संपतो.

भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेची स्वतंत्र नोंद करून तिला नाव दिलं आहे: स्टिरॉइडने बिघडलेला, स्टिरॉइडवर अवलंबून राहिलेला चेहरा. ही काही मोजक्या दुर्दैवी लोकांची कहाणी नाही. 2011 मध्ये भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात देशातल्या अनेक केंद्रांवरची पाहणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यांतल्या 126 जणांनी ते गोरं होण्याचं क्रीम, रोजचं साधं क्रीम किंवा दाढीनंतरचं मलम म्हणून वापरलं होतं. 104 जणांनी मुरुमांवर, म्हणजे जे स्टिरॉइडने वाढतात त्यांच्यावरच. 257 जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं आणि अशा सल्ल्यांपैकी दहातले नऊ सल्ले जहाल किंवा अतिजहाल स्टिरॉइडचे होते. दुष्परिणाम किती जणांत दिसले? 433 पैकी 392 जणांत.

हे आकडे रुग्णालयात आलेल्यांचे आहेत, जे बरे राहिले ते तिथे आलेच नसतील, असा आक्षेप घेता येईल. तो मला मान्य आहे. या आकड्यांवरून गावातल्या दर दहा वापरणाऱ्यांपैकी नऊ जण बिघडतात, असं म्हणता येणार नाही. पण ही औषधं कोण सुचवतं, कशासाठी सुचवतं आणि किती जहाल सुचवतं, हे त्यांतून लख्ख दिसतं आणि माझा मुद्दा त्याच सल्ल्याबद्दल आहे.

कातडी बिघडते हे या ट्यूबचं अर्धंच नुकसान. ती लालीचं कारण झाकते, हे मला त्याहून गंभीर वाटतं, कारण चेहऱ्याची लाली आणि खाज बहुतेक वेळा बाहेरच्या एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवत असते आणि ते बोट कुठे रोखलं आहे हे पाहिलं तर उपाय सापडतो.

गाजर गवताचंच घ्या, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवतही म्हणतात. भारतात त्याची पहिली नोंद 1955च्या सुमारास पुण्यात झाली. आज ते रस्त्याकडेला, पडीक रानात, शेताच्या बांधावर, प्लॉटिंग केलेल्या मोकळ्या जागांत सगळीकडे माजलेलं आहे. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची काही माणसांच्या त्वचेला ॲलर्जी होते. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी 1974 मध्ये या त्वचारोगाचं वर्णन प्रसिद्ध केलं. गवताला हात लागलाच पाहिजे असं नाही. त्याची बारीक लव, वाळल्यावर उडणारा चुरा आणि परागकण हवेतून येऊन उघड्या कातडीवर बसतात. म्हणून कपाळ, पापण्या, कानांमागची जागा, मान आणि कोपराचा आतला भाग लाल होतो, खाजतो, दरवर्षी थोडा जास्त भडकतो आणि काही वर्षांनी कातडी जाड, काळपट, सुरकुतलेली होते. हा शेतात राबणाऱ्या माणसाचा रोग आहे. गवत जोमात असतं त्या पावसाळ्यात तो वाढतो. आता अशा माणसाला मेडिकलमधून ट्यूब मिळाली तर काय होतं? आठवड्यात आराम पडतो, तो पुन्हा त्याच बांधावर जातो, पुन्हा तोंड भडकतं, पुन्हा ट्यूब. असं पाच-सात वर्षं चालतं. त्या सगळ्या काळात त्याला 'बांधावरचं ते गवत फुलायच्या आधी काढून घ्या, काढताना तोंड-हात झाका, घरी येताच अंघोळ करून कपडे बदला' हे एक वाक्य कुणी सांगत नाही. पाठीवर ॲलर्जनच्या पट्ट्या चिकटवून 48 तासांनी आणि पुन्हा 96 तासांनी त्वचा तपासायची एक चाचणी असते. भारतात वापरल्या जाणाऱ्या संचात या गवताचा अर्क असतो. म्हणजे कारण सिद्ध करण्याची सोय आहे. हो, उपचारात डॉक्टरही काही काळ स्टिरॉइड देतील. पण ते कारण शोधून, मुदत घालून आणि पुढे त्याच्याऐवजी दुसरं औषध योजून देतील. ट्यूबच्या विक्रीत यातलं काहीच नसतं.

असंच टिकलीचं. कपाळाच्या मधोमध गोल जागी खाज आणि लाली असेल, तर टिकलीच्या गोंदाकडे पाहावं लागतं. त्यातल्या एका रसायनाने त्वचेचा रंग कायमचा जाऊन पांढरा डाग पडू शकतो, हे 1990च्या दशकापासून माहीत आहे. केस काळे केल्यानंतर एक-दोन दिवसांनी कानांच्या पाळ्या, पापण्या आणि कपाळाची कड सुजली, तर डाय संशयित. पापण्याच तेवढ्या खाजत असतील तर नखांना लावलेलं नेलपॉलिशसुद्धा कारण असू शकतं, कारण आपण दिवसभर नकळत बोटं डोळ्यांना लावत असतो. नाकाच्या दोन्ही बाजूंना, भुवयांत लाली आणि तेलकट पापुद्रे, सोबत डोक्यात कोंडा: हा बहुधा सेबोऱ्हिक दाह. त्याला केटोकोनाझोलसारख्या साध्या बुरशीविरोधी औषधाने उतार पडतो. हे शोधायला महागडं यंत्र लागत नाही. नीट प्रश्न विचारणारा माणूस लागतो.

नायट्याच्या बाबतीत हा हलगर्जीपणा साऱ्या समाजाला भोवला आहे. नायटा बुरशीचा. स्टिरॉइडने त्याची खाज आणि लाली दबते, गोल कडा पुसट होतात, ओळखणंच कठीण होतं आणि प्रतिकार दबल्यामुळे बुरशी निर्धास्त पसरते. गेली दहा-पंधरा वर्षं आपल्या देशात नायट्याची जी लाट आली आहे, जो घरातली सगळी माणसं एकमेकांना देत राहतात, महिनोन्‌महिने उपचार करूनही जो पूर्ण जात नाही, त्यामागे स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीविरोधी औषध एकाच ट्यूबमध्ये कोंबलेल्या मलमांचा मोठा हात आहे, असं तज्ज्ञ सांगत आले आहेत. या बुरशीला 2020 मध्ये जे शास्त्रीय नाव मिळालं त्यात भारताचंच नाव आहे: ट्रायकोफायटन इंडोटिनी. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे एकेकाळचं हुकमी औषध चालत नाही. "माझा चेहरा, माझे पैसे, मी काहीही लावीन" असं म्हणणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे. तुमच्या ट्यूबचा परिणाम तुमच्या चेहऱ्यावर थांबत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे नेहमी निसटते. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर लाली लाल दिसत नाही. तपकिरी, काळपट, कधी जांभळट दिसते. रोझेशिया हा चेहरा वारंवार तापवणारा, उन्हाने, गरम चहाने, तिखटाने भडकणारा रोग गोऱ्या लोकांचाच, असा समज त्यामुळे झाला. आपल्या बायकांमध्ये त्याला मुरुम किंवा वांग म्हणून टाकतात आणि वांगावरचं तिहेरी क्रीम हातात पडतं. क्लिगमन आणि विलिस यांनी 1975 मध्ये मांडलेल्या सूत्रावरून आलेल्या या क्रीममध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर स्टिरॉइड असतं. ते रात्री, काही आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली लावायचं औषध आहे. आपल्याकडे ते पावडरीसारखं वर्षानुवर्षं लागतं. याशिवाय गालांवर आणि नाकाच्या कण्यावर फुलपाखरासारखी पसरलेली लाली, सोबत सांधेदुखी, तोंडात फोड, उन्हाचा त्रास, असं असेल तर ते ल्युपस या रोगाचं चिन्ह असू शकतं आणि ल्युपस मूत्रपिंडापर्यंत जातो. न खाजणारा, लालसर, सुजलेला चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. तो वेळेत ओळखला तर पूर्ण बरा होतो. या दोहोंवर स्टिरॉइड चोळून महिने घालवणं म्हणजे माणसाच्या शरीराने दिलेली हाक तोंड दाबून बंद करणं.

"गरिबाला तज्ज्ञ कुठून परवडणार?" या प्रश्नाकडे मी आता येतो, कारण सगळ्यांत वजनदार आक्षेप हाच आहे. त्वचारोगतज्ज्ञ शहरांत एकवटले आहेत, हे खरं. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. 2011च्या त्याच पाहणीत जहाल आणि अतिजहाल स्टिरॉइडचा वापर ग्रामीण आणि निमशहरी रुग्णांत अधिक आढळला. म्हणजे ज्याला डॉक्टर मिळत नाही त्याच्या वाट्याला सगळ्यांत कडक औषध येतं आणि चेहरा बिघडल्यावर शेवटी त्याला तज्ज्ञाकडेच जावं लागतं, तेही महिनोन्‌महिने. ही स्वस्ताई त्याच्या खिशाला कधीच परवडलेली नाही. डॉक्टरांची टंचाई असेल तर उत्तर म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला चेहऱ्याच्या पाच-सहा नेहमीच्या रोगांचं चांगलं प्रशिक्षण द्या. ई-संजीवनीसारखी दूरसल्ल्याची सरकारी सोय त्वचेच्या तक्रारींसाठी खऱ्या अर्थाने राबवा. दुरून पाहून सल्ला देता येईल असे रोग त्वचेइतके दुसरीकडे क्वचितच आहेत. पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम आणि जेजे, नागपूरचं मेडिकल कॉलेज, संभाजीनगरची घाटी, या सगळीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. तिथली गर्दी कमी होईल इतके डॉक्टर नेमा. या मागण्या करायच्या सोडून, सोय नाही म्हणून अपायकारक सोय असू द्या, असं म्हणणं गरिबाची बाजू घेणं नव्हे. त्यात फायदा विकणाऱ्याचा होतो.

"कायदा आहे की, मग काय हवं?" असंही विचारलं जातं. कायदा आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, वर्षानुवर्षं बाहेरून लावायच्या औषधांना सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएडीव्हीएलने, त्याविरुद्ध पाठपुरावा केल्यानंतर मार्च 2018 मध्ये 14 स्टिरॉइडच्या लावायच्या औषधांची ती सूट काढली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्राने 328 अशास्त्रीय मिश्र औषधांवर बंदी घातली आणि त्यांत त्वचेवर लावायची काही मिश्र मलमंही होती. कागदावरचं हे काम चांगलं आहे आणि ज्यांनी ते करून घेतलं त्यांचे आपण ऋणी असायला हवं. पण आज कुठल्याही गावात चिठ्ठी न दाखवता ही ट्यूब मिळते, हे वाचकाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. शेड्यूल एच पाळलं जातंय की नाही हे पाहण्याची जबाबदारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाची आहे. अँटिबायोटिकविषयी थोडी तरी जरब दिसते. मलमांच्या बाबतीत 'वरून लावायचं तर आहे' या एका वाक्यावर सगळं खपतं.

आणि डॉक्टरांनाही मी यातून सोडणार नाही. पाहणीतल्या 176 जणांना डॉक्टरनेच स्टिरॉइड लिहून दिलं होतं. त्यांतल्या 78 चिठ्ठ्या त्वचारोगतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांच्या होत्या आणि 83 टक्के चिठ्ठ्यांवर रुग्णांनी पुढे मनानेच पुन्हा पुन्हा औषध घेतलं होतं. चिठ्ठीवर औषधाचं नाव असतं, किती दिवस लावायचं आणि कधी थांबायचं हे नसतं. रुग्ण ती चिठ्ठी पाकिटात घालून वर्षानुवर्षं वापरतो, शेजारणीला देतो. 'सात दिवस, रात्री एकदा, मग बंद' एवढं मराठीत लिहायला डॉक्टरला अर्धं मिनिट लागतं.

दुसऱ्या टोकाला एक मंडळी आहेत. त्यांचं म्हणणं, ही सगळी रसायनं फेकून द्या, लिंबू, हळद, बेसन चोळा, रक्त शुद्ध करणारा काढा घ्या, चेहऱ्यावर दिसतं ती अंगातली उष्णता आहे. लिंबाच्या रसाचा सामू 2च्या जवळपास असतो, आपल्या त्वचेचा 5च्या आसपास. खाजून सोललेल्या गालावर तो चोळणं म्हणजे जखमेवर आम्ल ओतणं आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे डाग उठू शकतात. बेसनाचं खरखरीत उटणं दिवाळीत धडधाकट अंगाला ठीक. सुजलेल्या चेहऱ्याला नाही. आणि 'हर्बल' म्हणून पार्लरमध्ये बिनलेबलच्या डबीतून मिळणाऱ्या क्रीममध्ये स्टिरॉइड किंवा पारा निघाल्याची उदाहरणं आहेत. स्टिरॉइडची भीती दाखवून असली डबी विकणाऱ्यांशी माझी युती नाही.

तशी भीती पसरवायचीही नाही. कॉर्टिसोनच्या शोधाला 1950 मध्ये नोबेल मिळालं आणि 1952 मध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसबाच्या रुग्णांना पहिल्यांदा खरा आराम दिला. हायड्रोकॉर्टिसोन आणि बीटामेथासोनची मलमं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत आणि ती तिथे असायलाच हवीत. इसबाने रात्र रात्र खाजवणाऱ्या बाळाला डॉक्टरने दिलेलं सौम्य स्टिरॉइड केवळ नावाच्या धास्तीने न लावणं हाही अन्यायच आहे. योग्य ताकदीचं, योग्य जागी, मोजक्या दिवसांसाठी आणि निदान झाल्यावर, एवढ्याच अटी आहेत. काउंटरवरच्या विक्रीत त्यांपैकी एकही पाळली जात नाही.

मग चेहरा लाल होऊन खाजत असताना आज रात्री काय करावं? आधी सगळं थांबवावं: फेसवॉश, स्क्रब, सिरम, टोनर, उटणं, नवीन सगळं. साबणाचा सामू 9 ते 10 असतो; तो चेहऱ्यापुरता बंद. साध्या, गार किंवा कोमट पाण्याने तोंड धुवावं, पंचाने घासू नये, टिपावं. गार पाण्यात पिळलेलं स्वच्छ सुती फडकं पाच-दहा मिनिटं ठेवलं तर खाज बरीच उतरते. त्वचा ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. मुरुमांची त्वचा असेल तर जेली टाळावी. ऊन टाळावं, छत्री, टोपी, ओढणी वापरावी. सनस्क्रीन लावायचं तर झिंक ऑक्साइडचं. नखं कापावीत. आणि गेल्या पंधरा दिवसांत काय नवं लागलं, कुठे गेलो, कुठल्या झाडाझुडपांत काम केलं, हे कागदावर लिहून काढावं. डॉक्टरला त्या कागदाचा उपयोग सर्वांत जास्त होतो. डोळे किंवा ओठ सुजत असतील, श्वास लागत असेल, ताप असेल, फोड येत असतील किंवा लाली दुखत दुखत पसरत असेल, तर घरी थांबू नये.

ज्यांच्या चेहऱ्याला महिनोन्‌महिने ट्यूब लागली आहे त्यांनी मात्र हा लेख वाचून ती एकदम मनाने फेकून देऊ नये. उसळी येईल आणि ती एकट्याने सोसणं कठीण असतं. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात किंवा थांबवून दुसरी औषधं देतात. टॅक्रोलिमससारखं स्टिरॉइड नसलेलं मलम, गरज पडली तर डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या. काही आठवडे, काहींना काही महिने लागतात. लाली, जळजळ आणि पुटकुळ्या बऱ्याच अंशी जातात. पातळ झालेली कातडी आणि रुंदावलेल्या रक्तवाहिन्या पूर्ववत व्हायला फार वेळ लागतो, काही खुणा राहतातही. हे आधी कळलं तर माणूस मध्येच धीर सोडून पुन्हा ट्यूब उचलत नाही.

मेडिकलच्या दुकानदारांना माझी विनंती आहे: तुम्ही औषधनिर्माणशास्त्र शिकलेले आहात, लोकांचा तुमच्यावर डॉक्टरइतका विश्वास आहे, चेहऱ्यासाठी ट्यूब मागणाऱ्याला चिठ्ठी मागा आणि नसेल तर नाही म्हणा. अन्न व औषध प्रशासनाने मलमांची विक्री तपासावी आणि केलेल्या कारवाया जाहीर कराव्यात. आणि वाचकहो, हा अंक खाली ठेवलात की घरातल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एखादं नाव सापडलं आणि ते घरातल्या कुणाच्याही चेहऱ्याला डॉक्टरने ठरवून दिलेल्या दिवसांपेक्षा जास्त लागत असेल, तर ती ट्यूब सोबत घेऊन याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.